वरचं गोडं, खालचं खारं

माझे वडील अलिबागेस एका दवाखान्यात कंपाउंडर होते. औषधं मोजायला मी त्यांच्याकडून शिकले, आणि ती विद्या मला सासरी जितकी उपयोगी पडली तितकी स्वयंपाकाचीही पडली नसेल. मोजायची काच नेहमी डोळ्यांसमोर आणून बघायची, वरून डोकावून नाही. पाणी काचेच्या कडेला जरासं वर चढलेलं असतं, ते धरायचं नाही, मधला खोलगट भाग कुठल्या रेघेवर आहे ते पाहायचं. एरंडेल थंडीच्या सकाळी ओतायला घेतलं तर धार तुटता तुटत नाही, तेच चुलीजवळ ठेवलं की पाण्यासारखं पळतं. तेल पाण्यावर तरंगतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण पाण्यावर पाणीही तरंगू शकतं, हे मला वडिलांनी एका दुपारी दाखवलं होतं. खाली मिठाचं पाणी, वर साधं पाणी, आणि मध्ये नीट दिसणारी रेघ. "मीठ विरघळलं की पाणी जड होतं," ते म्हणाले, "आणि जड ते खाली बसतं. ढवळलं नाहीस तर दिवसभर असंच राहील."

लग्न होऊन मी किहीमच्या बाजूच्या एका गावी आले. घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, नारळी-पोफळीच्या वाडीत. घरात सासू-सासरे, आमचे हे आणि मी, एवढीच माणसं. आमचे हे नारळ-सुपारीचा माल गलबताने मुंबईस नेत, त्यामुळे महिन्यातले निम्मे दिवस बाहेर. वाडी सगळी मामंजींच्या हाती. उंच, सडपातळ, कमी बोलणारे गृहस्थ. कोणत्या पोफळीने गेल्या साली किती शिपुटं, म्हणजे सुपारीचे घोस, धरले ते त्यांना तोंडपाठ असे. त्यांचा शब्द घरात कोणी मोडत नसे, आणि खरं सांगायचं तर मोडावा अशी वेळही सहसा येत नसे, कारण ते बहुतेकदा बरोबरच असत.

वाडीच्या मधोमध विहीर होती. तिच्यावर रहाट, रहाटाला मातीच्या लोट्यांची लांब माळ, आणि रहाट फिरवायला एक रेडा. लोटे भरून वर येत, पन्हळीत रिते होत, आणि पाणी पाटाने झाडांच्या आळ्यांत जाई. पिण्याचं, स्वयंपाकाचं पाणीही त्याच विहिरीचं.

ही गोष्ट कायदेभंगाच्या धामधुमीच्या साधारण वर्षभर आधीची. त्या साली चैत्रातच विहीर तळाला गेली. दुपारपर्यंत रहाट चालला की लोटे निम्मेच भरून येऊ लागले. मामंजींनी विहीर खणणारी माणसं बोलावली आणि तळ आणखी चार हात खाली नेला. पाणी असं उसळून आलं की खाली उतरलेली माणसं कमरेइतकी भिजून घाईने वर आली. मामंजींनी विहिरीला नारळ वाढवला, सगळ्यांना गूळ-खोबरं वाटलं. त्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा उघड समाधान पाहिलं.

पंधरा-वीस दिवसांनी तुरीची डाळ शिजेना. सासूबाईंना वाटलं डाळ जुनी आहे. वाण्याकडून नवी आणली, तीही तशीच. मग कपड्यांना साबण लावला तर फेस येईना. चहा फाटला. आणि एका सकाळी पाण्याचा तांब्या तोंडाला लावून मामंजींनी तो हळूच खाली ठेवला. पाणी मचूळ झालं होतं. आणखी आठवड्याभरात पोफळीच्या पानांची टोकं करपायला लागली.

आमच्या वाडीच्या समुद्राकडच्या टोकाला, वईच्या, म्हणजे कुंपणाच्या, पलीकडे, एक विधवा कोळीण राहत असे. जागा मामंजींचीच, तिच्या सासऱ्याच्या वेळेपासून तिच्याकडे कसायला नव्हे, नुसती राहायला दिलेली. वय असेल पंचेचाळीसच्या घरात. एक झावळ्यांची खोप, मासळी सुकवायच्या काठ्या, आणि खारवणाची चार मोठी लाकडी पिपं. होड्यांवरून सुरमई, घोळ विकत घ्यायची, चिरून मिठाच्या पाण्यात मुरवायची आणि बाजारात न्यायची. तिचा हात इतका बेताचा होता की तिची खारवलेली मासळी पावसाळा संपेतो टिके, असं लोक म्हणत. आमच्या घरी मासळी चालत नसे, त्यामुळे तिच्याशी बोलणं वईवरूनच होई. ती मला "वयनी" म्हणे, मी तिला "बाय".

मामंजींनी सरळ हिशेब केला. विहीर कधी खारी नव्हती, आता झाली. आसपास मीठ कुठे आहे? तिच्या पिपांत. ती जुनं पाणी वाळूत ओतते, ते झिरपत विहिरीत येतं. त्यांनी तिला वईपाशी बोलावलं. मी मागच्या पडवीत तांदूळ पाखडत होते, मला सगळं ऐकू येत होतं.

"पावसाच्या आत जागा खाली कर," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "तुझ्या मिठाने माझी वाडी वाया चाललीय."

"मालक, माजी पिपां तिकरंच हायेत, वीस वरसां झाली," ती म्हणाली. "तवा कसं न्हाय झालं?"

"वीस वर्षं साचलं असेल, आता पोचलं."

तिने पिपांकडे हात केला. मग म्हणाली, "माजी बावरी पिपांच्या बगलंलाच हाय. तिचं पानी मी रोज पितंय. गोरं हाय."

ती 'ड'चा 'र' करी; गोरं म्हणजे गोडं, आणि बावरी म्हणजे बावडी, तिने वाळूत खणलेला उथळ खड्डा, फार तर सहा हात खोल, कडेने दगड लावलेले. मामंजी वळून निघून आले. त्यांना वाटलं असणार, आपली जागा राखायला बाई काहीही बोलेल.

मी सूप खाली ठेवलं. मला कळलं होतं काय झालंय ते. समुद्र दोनशे पावलांवर. वाळूखाली सगळीकडे खारं पाणीच, आणि त्याच्यावर पावसाचं मुरलेलं गोडं पाणी तरंगत राहिलेलं, वडिलांच्या काचेत होतं तसं. इतकी वर्षं आमची विहीर त्या गोड्या थरातच संपत होती. यंदा तिचा तळ खाली नेला, तो खाऱ्याच्या जवळ पोचला, आणि वरून रहाटाने दिवसभर उपसा केल्यावर खालचं खारं वर ओढलं गेलं. मला याची इतकी खात्री होती की भीती वाटायला हवी होती ती वाटली नाही. लग्नाला दोनच वर्षं झाली होती आणि मामंजींशी मी तोवर जेवणाखाण्यापलीकडे एक वाक्यही बोलले नव्हते.

आमचे हे त्या आठवड्यात घरी होते. त्यांना मी सांगितलं. ते ऐकून म्हणाले, "मला पटतंय. पण आबांना मी सांगितलं तर ते म्हणतील, तुला विहिरीतलं काय कळतं. तूच दाखव."

माझ्या पेटीत वडिलांनी दिलेली मोजायची उंच काच होती. संध्याकाळी मामंजी ओटीवर बसले असताना मी ती घेऊन गेले. एका वाटीत मिठाचं पाणी, त्यात कपड्यांना घालायची नीळ टाकलेली, म्हणजे दिसावं. दुसऱ्या तांब्यात साधं पाणी, पल्याडच्या देवळाच्या विहिरीवरून आणलेलं. मी म्हटलं, "मामंजी, जरा बघता? पाण्यात काय झालंय ते दाखवायचं होतं."

त्यांनी वर पाहिलं. नको म्हणाले नाहीत. सासूबाई दाराशी येऊन उभ्या राहिल्या.

मी निळं पाणी काचेत ओतलं आणि त्यावर तांब्यातलं. घाई झाली. धार सरळ निळ्या पाण्यात घुसली, तळापर्यंत गेली, आणि बघता बघता सगळी काच सारखी फिक्कट निळी झाली.

मामंजी काचेकडे बघत राहिले. मग म्हणाले, "झालं सगळं एक. मी हेच म्हणतोय, सूनबाई. तिचं मीठ आपल्या पाण्यात मिसळलंय."

त्यांनी टोमणा मारला नव्हता. त्यांना खरंच वाटलं की मी त्यांचंच म्हणणं दाखवून दिलं. मी काच उचलून आत गेले. कान तापले होते. मात्र मी चुकले होते ते ओतण्यात, म्हणण्यात नाही, हे मला त्याही वेळी स्पष्ट होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वईतल्या फटीतून पलीकडे गेले. तशी मी आधी कधी गेले नव्हते. कोळीण एका पिपात मीठ कालवत होती. तिने कालवलेल्या पाण्यात एक बटाटा सोडला, तो बुडाला. आणखी दोन मुठी मीठ घालून ढवळलं, बटाटा वर आला आणि साल दाखवत तरंगत राहिला. "आता जमला," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "काय वयनी?"

मी तिला काल काय झालं ते सांगितलं. ती हसली नाही. तिने विचारलं, "वतलं कसं?"

"तांब्याने."

"तसं कसं ऱ्हाईल? अवकाली सर येऊन परली का माज्या पिपांत, वरचं पानी गोरंच ऱ्हातं. मी करवंटीनं वरच्या वर कारून टाकतंय, खाली खारवन तसंच. पन पाऊस थेंबाथेंबानं परतो. धार सोरली का सगला एक." तिने आजूबाजूला पाहिलं, आमच्याच वाडीतून उडून आलेलं फणसाचं एक पान उचललं आणि पुसून माझ्या हातात दिलं. "ह्ये पान वर तरंगत ठेव. त्याच्यावर वत, हलू. पान धार खाईल."

मी तिथेच तिच्या एका घागरीत करून पाहिलं. नीळ नव्हती म्हणून तिने थोडी हळद घातली. पान पिवळ्या पाण्यावर ठेवलं, त्यावर करवंटीने थेंब थेंब पाणी सोडलं. वर पाणी साचत गेलं, स्वच्छ, आणि खालचं पिवळं जागचं हललं नाही. आम्ही दोघी वाकून बघत होतो. मला आठवतं, तिच्या हाताला मिठाने चरे पडलेले होते आणि तोच हात एवढा हलका होता.

त्याच संध्याकाळी मी पुन्हा काच घेऊन ओटीवर गेले. या वेळी परवानगी विचारली नाही. मामंजींसमोर पाट मांडला, निळं पाणी ओतलं, पानाचा बेताचा तुकडा त्यावर ठेवला आणि चमच्याने ओतू लागले. वेळ लागला. सासूबाई म्हणाल्या, "दिवा लावायची वेळ झाली." मामंजी म्हणाले, "थांब जरा." काच भरली. पान मी चिमटीने काढलं. खालचा निम्मा भाग निळा, वरचा नितळ, मध्ये रेघ.

मामंजींनी काच उचलली नाही. त्यांनी डोकं खाली नेऊन ती डोळ्यांच्या पातळीवर पाहिली. मला फार बरं वाटलं, कारण काच तशीच पाहायची असते.

"खारं पाणी जड असतं म्हणतेस," ते म्हणाले.

"हो."

त्यांनी काच पुन्हा एकदा न्याहाळली. मग त्यांनी आमच्या ह्यांच्याकडे पाहिलं. "आपल्या गलबतावरचा तांडेल सांगतो, माल भरला आणि पावसाळ्याअखेरीस खाडीच्या गोड्या पाण्यात असलं की ते बोटभर जास्त बुडतं. बाहेर समुद्रात गेलं की वर येतं. मला वाटायचं उगाच सांगतो." मग माझ्याकडे. "म्हणजे खारं पाणी जास्त पेलतं."

"तेच," मी म्हटलं.

"काचेत ठीक आहे. विहिरीत उतरून कोण बघून आलंय?"

याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. वडिलांनी दिलेल्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या होत्या, बुचांसकट. सकाळी रहाट जुंपायच्या आधी, पाणी रात्रभर निवलेलं असताना, मी बाटलीच्या बुडाला दगड बांधला, एक सुंभ बाटलीच्या गळ्याला आणि दुसरी बारीक दोरी बुचाला. सुंभाला हाताहाताच्या अंतरावर गाठी मारल्या. बाटली सोडायची, गाठी मोजायच्या, हव्या त्या खोलीवर बुचाच्या दोरीला झटका द्यायचा. खालून बुडबुडे आले की बाटली भरली. वर काढताना थोडं वरचं पाणी शिरेल ही शंका मला होती, पण अरुंद तोंडाच्या भरलेल्या बाटलीत ते फारसं शिरत नाही.

पाच बाटल्या काढल्या. एक वरची, मग एकेका हाताने खाली, शेवटची नव्या खणलेल्या तळातली. त्या मी काठावर ओळीने ठेवल्या. सगळ्या दिसायला सारख्याच. मामंजींनी पहिलीतलं पाणी तळहातावर घेऊन चाखलं. "गोडं आहे." दुसरीतलं. मान हलवली. तिसरीला थबकले. चौथीला तोंड वाकडं झालं. पाचवीचा घोट त्यांनी बाजूला थुंकला आणि बराच वेळ तोंड पुसत राहिले.

"तिच्या पिपातलं खारं झिरपून आलं असतं," मी म्हटलं, "तर तिची बावडी आधी खारी झाली असती. ती पिपांच्या जवळ आहे."

मामंजी उठले. मला वाटलं घरात चालले. ते वईकडे गेले, फटीतून वाकून पलीकडे गेले. मी मागोमाग. कोळीण मासळी पालटत होती, ती हात पुसत उभी राहिली.

"तुझ्या बावडीतलं पाणी काढ," ते म्हणाले. "तळातलं काढ."

तिने करवंटीला काठी लावलेली पळी खाली टेकवून पाणी काढलं. ते त्यांच्या पुढे धरायला तिचा हात पुढे आला आणि मध्येच थांबला. आमच्या घरातलं कोणी तिच्या हातचं पाणी कधी प्यायलं नव्हतं. तो काळ तसा होता. "मालक, तुमी पिनार?" तिने विचारलं.

मामंजींनी पळी तिच्या हातातून घेतली आणि प्यायले. नुसतं चाखून थांबले नाहीत, पळी रिकामी केली.

"गोडं आहे," ते म्हणाले. मग जरा वेळाने, "तू राहा इथे."

एवढंच. माफी वगैरे त्यांनी मागितली नाही, आणि तिनेही आशा धरली नव्हती. पण ती खाली बसली आणि नुकतीच पालटलेली मासळीच पुन्हा पालटू लागली, ते मी पाहिलं. त्या दोन-तीन दिवसांत ती जागेसाठी कुठे कुठे हिंडून आली होती, ते तिने मला नंतर सांगितलं. दोन ठिकाणी तिला कोणी उभंही केलं नव्हतं.

परतताना मामंजींनी वाटेतच विचारलं, "सूनबाई, आता काय करायचं?"

मी सांगितलं. नवा खणलेला तळ बुजवायचा. आधी दगड, मग जाड वाळू, वर चिकणमाती दाबून. रहाटाची माळ आखूड करायची, म्हणजे लोटे वरच्या थरातच बुडतील. आणि दिवसभर सलग उपसा करायचा नाही, सकाळी थोडा, संध्याकाळी थोडा. पाण्याला परत भरायला सवड द्यायची.

"म्हणजे वाडीला पाणी कमी पडणार."

"यंदा पडेल. काही झाडं जातील."

त्यांना हे जड गेलं. चार हात खोल नेलेली विहीर आपल्याच हाताने बुजवायची. खणणारी माणसं परत आली तेव्हा त्यांचा मुकादम म्हणाला, "जल्मात कोनी विहीर भरायला न्हाय बोलावलं." मामंजी म्हणाले, "आता बोलावलंय ना," आणि दगड कुठून टाकायचे ते दाखवू लागले.

त्या उन्हाळ्यात सत्तावीस पोफळी वाळल्या. प्रत्येक झाड तोडताना मामंजी जवळ उभे असत. मला कधी त्याबद्दल बोलले नाहीत. माळ आखूड केल्यावरही पाणी लगेच सुधारलं नाही, आणि त्या दिवसांत सासूबाई देवळाच्या विहिरीवरून हंडे आणताना माझ्याकडे ज्या नजरेने पाहत ती मी विसरलेले नाही. मी त्यांना एकच सांगत असे, पावसाचं पाणी मुरू दे. पावसाळा गेला, दसऱ्याच्या सुमारास सासूबाईंनी विहिरीच्या पाण्यात डाळ टाकली आणि ती दोन कढांत मऊ झाली. त्यांनी मला हाक मारून पातेलं दाखवलं.

मामंजींनी त्याच महिन्यात कोळणीच्या खोपीसाठी विणलेल्या झावळ्यांच्या दोन गाड्या पाठवल्या. वईतली फट त्यांनी बुजवू दिली नाही. पुढे ती वाट रुळली.

आसपासच्या गावांत ही बातमी गेली. काशीदपासून एक माणूस आला, मग चौलकडून दोघे. आमच्या विहिरीचंही बघा म्हणू लागले. आमच्या ह्यांच्याबरोबर मी बाटल्यांची पेटी घेऊन जाई. काही ठिकाणी नुसती माळ आखूड करून भागलं. एका गावी मात्र वरच्या बाटलीपासून शेवटच्या बाटलीपर्यंत सारखंच खारं निघालं. भरतीचं पाणी बांध फोडून वरूनच आत आलं होतं. लोक माझ्या तोंडाकडे बघत होते. मी म्हटलं, "यात गोडा थर उरलेलाच नाही. दुसरीकडे उथळ खणा, इथे वेळ घालवू नका." त्यांना ते आवडलं नाही. पण खोटी आशा दाखवून मी काय करणार होते?

घरी कोणी पाहुणे आले की मामंजी त्यांना विहिरीपाशी नेत आणि सगळं समजावून सांगत. तांडेलाचं गलबत, निळं पाणी, फणसाचं पान, सगळं. ऐकणाऱ्याला वाटावं की हे त्यांनीच शोधून काढलं. मला त्याची गंमत वाटे. एकदा मात्र ते पुण्याच्या एका पाहुण्यांना सांगू लागले, की मीठ खाली बसतं म्हणून खालचं पाणी खारं होतं. मी चहा घेऊन आले होते. मी म्हटलं, "मीठ खाली बसत नाही, मामंजी. विरघळलेलं मीठ पाण्यातच राहतं. सबंध पाणीच जड असतं, ते खाली राहतं."

पाहुण्यांनी चहाचा कप हातातच धरला. सासूबाईंनी आतून माझ्याकडे पाहिलं. मामंजींनी क्षणभर विचार केला, मग ओटीवर आपल्या शेजारचा पाट सरकवला.

"तूच सांग मग," ते म्हणाले. "बस."